मोजक्या पैशांत प्रवासासाठी पहिला डीएसएलआर: आधी लेन्स, मग बॉडी

प्रवासासाठी पहिला डीएसएलआर (आरशाच्या साह्याने थेट लेन्समधले दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचा आहे आणि पैसे मोजके आहेत, असे कोणी सांगितले की मी विचाराचा क्रम उलटा करायला सुचवतो: आधी लेन्स ठरवावी, मग दिवसभर किती वजन वागवता येईल ते ठरवावे आणि बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, निवड सर्वांत शेवटी करावी. जाहिराती आणि तुलनेचे तक्ते बॉडीपासून सुरू होतात, कारण दरवर्षी नवी येणारी वस्तू बॉडी असते. छायाचित्रात मात्र दृश्याचा किती भाग मावेल, संध्याकाळच्या उजेडात चित्र हलेल की स्थिर येईल आणि मागचा पसारा किती पुसट होईल, हे मुख्यतः लेन्स ठरवते. बॉडी काही वर्षांत जुनी ठरते, चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉडींना पुरते. म्हणून मर्यादित रकमेतला मोठा वाटा जिथे तो टिकेल तिथे घालावा, असे माझे ठाम मत आहे.

आता मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या काळात डीएसएलआर घ्यावाच का, हा प्रश्न रास्त आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट (बॉडीवर लेन्स बसवण्याची जोडणी) आणले आणि त्यानंतर त्यांचे सारे लक्ष तिकडे वळले. २०२० मध्ये आलेले कॅननचा वन-डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी६ हे त्यांच्या व्यावसायिक डीएसएलआर मालिकांमधले शेवटचे मोठे कॅमेरे ठरले. याचा परिणाम असा झाला की मिररलेसकडे वळणारे अनेक हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार आपल्या उत्तम स्थितीतल्या बॉडी आणि लेन्सेस विकू लागले, आणि ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला पूर्वी आवाक्याबाहेर असलेली सामग्री आवाक्यात आली. बॅटरीचा मुद्दाही प्रवाशासाठी मोठा आहे. निकॉन डी३५०० हा साधा, हलका कॅमेरा सीपा या जपानी संस्थेच्या चाचणीपद्धतीनुसार एका चार्जमध्ये १५५० छायाचित्रे काढतो. कॅनन २५०डी व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) पाहिल्यास १०७० छायाचित्रे काढतो, पण तोच कॅमेरा मागचा पडदा सतत चालू ठेवून वापरला तर हा आकडा ३२० वर येतो. डोळ्याला थेट लेन्समधून आलेला प्रकाश दिसत असल्यामुळे डीएसएलआरला विजेची गरज किती कमी लागते, हे या दोन आकड्यांतून कळते. ज्या ठिकाणी रात्री चार्जिंगची खात्री नसते तिथे या फरकाची किंमत फार मोठी असते. ज्यांना मुख्यतः चित्रफिती करायच्या आहेत, किंवा कोटाच्या खिशात मावेल एवढाच कॅमेरा हवा आहे, त्यांनी मात्र डीएसएलआरच्या वाटेला जाऊ नये.

मेगापिक्सेलचा विषय थोडक्यात संपवता येतो. २४ मेगापिक्सेलचे चित्र साधारण ६००० बाय ४००० बिंदूंचे असते आणि ते दर इंचाला ३०० बिंदू या दर्जाने सुमारे २० बाय १३ इंचांचे छापता येते. फोर-के पडद्याला जेमतेम ८.३ मेगापिक्सेल पुरतात. गेल्या दहा-बारा वर्षांतला कोणताही डीएसएलआर ही गरज भागवतो, तेव्हा दोन बॉडींमध्ये निवड करताना हा आकडा बाजूला ठेवावा.

लेन्सकडे मात्र सवडीने पाहायला हवे. सुरुवातीच्या, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या, बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स येते (मिलिमीटरचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद, जितका मोठा तितके जवळचे) आणि तिच्याविषयी बरेच वाईट बोलले जाते. माझे मत तितके कठोर नाही. नव्या पिढीच्या किट लेन्सेस हलक्या आहेत, त्यांतल्या बहुतेकींत कंप-नियंत्रण असते आणि दिवसाच्या उजेडात त्या स्वच्छ, रेखीव चित्र देतात. निकॉनची मिटून लहान होणारी एएफ-पी १८-५५ केवळ २०५ ग्रॅमची आहे. निसर्गदृश्ये, इमारती, बाजार, रस्ते हे सारे तिच्यात मावते. तिची खरी मर्यादा अ‍ॅपर्चरची आहे. प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राला हे नाव आहे, आणि एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितके ते छिद्र मोठे. झूम पूर्ण ताणल्यावर तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, आणि एफ/१.८ च्या लेन्सशी तुलना केली तर तिच्यातून जवळजवळ एक-दशांश प्रकाशच आत येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की देवळाच्या गाभाऱ्यासमोर, संग्रहालयात किंवा दिवेलागणीच्या गल्लीत जिथे किट लेन्सला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर न्यावा लागेल, तिथे एफ/१.८ ची लेन्स त्याच शटरगतीने (तेवढ्याच वेळात प्रकाश घेऊन) साधारण ६५० आयएसओवर काम भागवते. या दोन चित्रांतल्या दाणेदारपणाचा आणि रंगांचा फरक कोणत्याही नव्या बॉडीने भरून निघणार नाही.

इथे कंप-नियंत्रणाविषयी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. कंप-नियंत्रण हाताची थरथर सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवू शकत नाही. रिकाम्या सभामंडपाचे छायाचित्र १/१० सेकंदावरही हातात धरून काढता येईल, पण त्याच मंडपात नाचणाऱ्या माणसासाठी १/२५० सेकंद लागेल आणि तेवढा प्रकाश मोठे अ‍ॅपर्चरच देईल. प्रवासात माणसे टिपण्याची आवड असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो.

म्हणूनच किट लेन्सच्या जोडीला एक लहान प्राइम (झूम नसलेली, एकाच पल्ल्याची) लेन्स हा माझ्या दृष्टीने पहिल्या संचाचा कणा आहे. निकॉनसाठी एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ ही २०० ग्रॅमची लेन्स २००९ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे ती वापरलेलीही सहज मिळते. कॅननच्या बाजूला ५० मिमी एफ/१.८ एसटीएम १६० ग्रॅमची आहे आणि ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम तर १२५ ग्रॅमचीच, जाडीला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. स्वस्त प्राइम म्हणून सर्वजण ५० मिमी सुचवतात, पण सुरुवातीच्या डीएसएलआरचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या पूर्ण आकाराच्या सेन्सरपेक्षा लहान असतो, दृश्य निकॉनमध्ये १.५ पट आणि कॅननमध्ये १.६ पट कापणारा, आणि त्यामुळे ५० मिमी लेन्स त्यावर ७५ ते ८० मिमीसारखी वागते. चेहऱ्यासाठी ती सुंदर आहे, अरुंद गल्लीत किंवा खोलीत मात्र मागे सरकायला जागा उरत नाही. प्रवासासाठी एकच प्राइम घ्यायची असेल तर मी निकॉनवर ३५ आणि कॅननवर २४ मिमी घेईन. कॅननच्या २४ मिमीचे अ‍ॅपर्चर एफ/२.८ आहे, तरीही ती किट लेन्सच्या ताणलेल्या टोकाच्या चौपट प्रकाश घेते आणि कॅमेऱ्यावर लावलेली असताना पिशवीत जागा अडवत नाही.

एकच लेन्स लावून सारे काही टिपता यावे म्हणून १८-२०० किंवा १८-३०० अशा लांब पल्ल्याच्या झूमकडे अनेकांचे मन ओढ घेते. लेन्स बदलण्याचा त्रास टळतो आणि धूळ आत जात नाही, हे तिचे फायदे खरे आहेत. पण कॅनन-निकॉनच्या अशा लेन्सेस साधारण साडेपाचशे ग्रॅमच्या पुढेच असतात, ताणल्यावर पुढे जड होतात आणि लांब टोकाला त्यांची रेखीवता कमी पडते. त्याऐवजी १८-१४० किंवा १८-१३५ मिमी ही मधली वाट बरी, कारण तिचे वजन पाचशे ग्रॅमच्या आत-बाहेर राहते आणि पल्ला बहुतेक प्रसंगांना पुरतो. पक्षी किंवा वन्यजीव हाच प्रवासाचा हेतू असेल तरच कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी ७०-३०० घ्यावी. त्या दोन्ही चारशे ग्रॅमच्या आसपास असून आपल्या किमतीच्या मानाने फार गुणी आहेत.

लेन्स ठरवताना माउंट आणि फोकस-मोटर यांची सांगड नीट पाहावी लागते, आणि वापरलेल्या बाजारात तर हे ज्ञान पैशांइतकेच मोलाचे आहे. कॅननचा ईएफ माउंट १९८७ मध्ये आला आणि तेव्हापासून फोकसची मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे कॅननची जुनी स्वयंचलित ईएफ लेन्स कोणत्याही ईओएस डीएसएलआरवर फोकस करते. ईएफ-एस लेन्सेस मात्र लहान सेन्सरच्या बॉडीवरच बसतात, पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या डीएसएलआरवर बसत नाहीत. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, म्हणजे परंपरा दीर्घ, पण गुंतागुंतही जास्त. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सेस त्यांवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. डी९०, डी७०००, डी७१००, डी७२०० यांमध्ये ती मोटर आहे. याच्या उलट, नव्या एएफ-पी लेन्सेस डी३२०० किंवा डी५१०० यांसारख्या बॉडींवर फोकसच करत नाहीत, आणि डी३३०० व डी५३०० यांना त्यासाठी फर्मवेअर (कॅमेऱ्यातली आज्ञावली) अद्ययावत करावे लागते. जुनी स्वस्त बॉडी आणि नवी स्वस्त लेन्स अशी जोडी कागदावर आकर्षक दिसते, म्हणून खरेदीपूर्वी ती दोन्ही एकत्र चालतात याची खात्री करून घ्यावी. पुढे कधी मिररलेसकडे जायचे झाले तर कॅननच्या ईएफ लेन्सेस अ‍ॅडॅप्टरने आर मालिकेवर पूर्ण फोकससह चालतात. निकॉनच्या झेड मालिकेवर मात्र कंपनीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमधून एएफ-एस व एएफ-पी लेन्सेसचा स्वयंचलित फोकस टिकतो आणि एएफ-डीचा टिकत नाही.

वजनाचा विचार मी बॉडीच्या आधी ठेवतो, कारण प्रवासात कॅमेरा गळ्यात किंवा हातात असतो तेव्हाच तो उपयोगी पडतो. डी३५०० बॅटरी आणि कार्डासह ४१५ ग्रॅमचा आहे आणि कॅनन २५०डी ४४९ ग्रॅमचा, तर डी७२०० हा ७६५ ग्रॅमचा आहे. हातात धरून पाहताना साडेतीनशे ग्रॅम फारसे जाणवत नाहीत, पण चढाच्या वाटेवर, पाण्याच्या बाटलीशेजारी आणि दिवसाच्या शेवटी ते जाणवतात. डी३५००, तिची मिटणारी १८-५५ आणि ३५ मिमी प्राइम या तिघांचे मिळून वजन ८२० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे डी७२०० ची बॉडी आणि एखादी लहानशी लेन्स यांपेक्षा कमी. ज्याला पायी पुष्कळ हिंडायचे आहे त्याच्यासाठी हा संच मला फार समतोल वाटतो.

तरीही डी७०००च्या मालिकेचा मोह समजण्यासारखा आहे आणि काहींनी तो अवश्य करावा. तिच्यात भरीव काचेचा पेंटाप्रिझम असतो, व्ह्यूफाइंडरमध्ये जवळजवळ पूर्ण चौकट दिसते आणि शटरगती व अ‍ॅपर्चर यांसाठी दोन वेगळ्या चकत्या असतात. सुरुवातीच्या बॉडींमध्ये आरशांचा पेंटामिरर असतो, दृश्य किंचित लहान आणि मंद दिसते, चौकटीचा ९५ टक्के भागच नजरेस पडतो आणि दोन्ही गोष्टी एकाच चकतीने बटण दाबून बदलाव्या लागतात. जो मनापासून मॅन्युअल पद्धत शिकणार आहे त्याला दोन चकत्यांचे सुख रोज जाणवेल, आणि अशा व्यक्तीने वापरलेला डी७१०० किंवा डी७२०० जरूर पाहावा. पेन्टॅक्सचा के-७० हा पावसाळी आणि धुळीच्या प्रदेशांसाठी वेगळाच पर्याय आहे. त्याची बॉडी पाणी-धुळीपासून राखलेली आहे आणि कंप-नियंत्रण बॉडीतच असल्याने कोणत्याही लेन्सला त्याचा लाभ मिळतो. पाण्यापासूनचे संरक्षण पुरे हवे असेल तर लेन्सही डब्ल्यूआर चिन्हाची घ्यावी लागते, आणि पेन्टॅक्सच्या वापरलेल्या लेन्सेस कॅनन-निकॉनइतक्या सर्वत्र मिळत नाहीत.

बॉडींमधल्या काही उणिवा तक्त्यांत ठळकपणे दिसत नाहीत, म्हणून त्या मुद्दाम नोंदवतो. डी३४०० आणि डी३५०० यांमध्ये सेन्सर हलवून धूळ झटकणारी यंत्रणा नाही, तर डी३३०० मध्ये ती होती, त्यामुळे या नव्या बॉडींवर वाऱ्यात लेन्स बदलताना अधिक जपावे लागते. कॅननच्या ४०००डीचा माउंट प्लास्टिकचा आहे, म्हणून लेन्स वारंवार बदलणाऱ्याने तो टाळलेला बरा. कॅननच्या ड्युअल पिक्सेल या सेन्सरवरच्या वेगवान फोकसची सुरुवात २०१३ च्या ७०डीपासून झाली. २००डी आणि २५०डी यांमध्ये तो आहे, पण १३००डी आणि २०००डी यांमध्ये नाही, आणि मागच्या पडद्यावर पाहून फोकस करताना किंवा चित्रफीत घेताना हा फरक लगेच लक्षात येतो. ज्यांना जमिनीलगत किंवा गर्दीच्या डोक्यावरून चित्रे घ्यायला आवडते त्यांनी २५०डी किंवा डी५६०० यांचा बाहेर वळणारा पडदा विचारात घ्यावा.

मोजक्या पैशांत खरेदी म्हणजे बहुधा वापरलेल्या वस्तूची खरेदी, आणि तिथे घाई करू नये. शटर किती वेळा उघडले हा आकडा निकॉनच्या मूळ छायाचित्रात नोंदलेला असतो आणि तो वाचून दाखवणारी साधने मोफत मिळतात. कॅननच्या अनेक बॉडींमध्ये तो इतका सहज मिळत नाही. डी३५०० च्या शटरचे आयुष्य कंपनी १ लाख आणि डी७२०० चे दीड लाख वेळांचे सांगते. हा आकडा म्हणजे हमखास मर्यादा नव्हे, पण त्याच्या जवळ पोहोचलेली बॉडी त्या हिशेबानेच स्वस्त मिळायला हवी. सेन्सर तपासण्यासाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून कोऱ्या आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे आणि ते पूर्ण मोठे करून पाहावे. पुसट गोल डाग म्हणजे धूळ, ती बहुधा साफ होते, पण कडा असलेली रेघ म्हणजे ओरखडा असण्याची शक्यता धरावी. लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचे एक्स्पोजर घेतले की सेन्सरवरचे तापलेले सदोष बिंदू उजेडासारखे चमकतात.

लेन्स तपासताना ती कॅमेऱ्यापासून काढून मागून बारीक टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ओलसर जागी ती वाढत जाते आणि काचेवरचा लेप खाते. आतली थोडी धूळ चित्रावर परिणाम करत नाही, तिला घाबरण्याचे कारण नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती पाती मंद हलतात आणि चित्रे अधूनमधून जास्त उजळ येतात. याच्या उलट दोष पेन्टॅक्सच्या के-३० आणि के-५० या बॉडींमध्ये आढळतो: अ‍ॅपर्चर हलवणारा भाग निकामी होऊन चित्रे काळवंडतात, म्हणून त्या घेताना एकापाठोपाठ बरीच छायाचित्रे काढून सर्वांचा उजेड सारखा आहे ना ते पाहावे. मोठे अ‍ॅपर्चर असलेली प्राइम असेल तर ती पूर्ण उघडून एखाद्या छापील पानावर तिरका नेम धरून फोकस करावा, आणि नेमलेल्या ओळीऐवजी पुढची किंवा मागची ओळ स्पष्ट येते का ते तपासावे. सुरुवातीच्या अनेक बॉडींमध्ये हा दोष घरी दुरुस्त करण्याची सोय नसते. शेवटी बॅटरीचे झाकण, कार्डाची खाच, प्रत्येक बटण आणि मुठीवरचे रबर पाहून घ्यावे. सुटत चाललेले रबर फार वापराची खूण असते, पण ते एकटे नाकारण्याचे कारण ठरू नये.

कॅमेरा आणि लेन्स यांवर सारी रक्कम संपवू नये, कारण उरलेल्या लहानसहान वस्तूंवाचून प्रवासात अडते. एक जादा बॅटरी, दोन मध्यम क्षमतेची कार्डे, हवेचा रबरी फुगा, मऊ कापड आणि रुंद पट्टा एवढे पहिल्याच दिवशी असावे. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीची एक रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल साधारण २० ते ३० मेगाबाइटची असते, त्यामुळे ३२ गिगाबाइटच्या कार्डात हजार ते दीड हजार चित्रे बसतात. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान कार्डे मला अधिक सुरक्षित वाटतात. ट्रायपॉड मी पहिल्या खरेदीत सुचवत नाही, कारण स्वस्त ट्रायपॉड हलतो, चांगला जड किंवा महाग असतो, आणि कठड्यावर तांदळाच्या किंवा वाळूच्या लहान पिशवीवर कॅमेरा ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला तरी रात्रीची पुष्कळ दृश्ये साधतात. विमानप्रवासात जादा लिथियम बॅटऱ्या सामानात न टाकता सोबतच्या पिशवीतच ठेवाव्या लागतात. निकॉनची ईएन-ईएल१४ए ही जेमतेम ९ वॉट-तासांची आणि कॅननची एलपी-ई१७ साडेसात वॉट-तासांची असल्याने १०० वॉट-तासांची सर्वसाधारण मर्यादा त्या कुठेही ओलांडत नाहीत, फक्त त्यांच्या धातूच्या टोकांवर प्लास्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी लावलेली असावी. भरलेले कार्ड मात्र कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवू नये. पिशवी हरवली तर कॅमेरा पुन्हा घेता येतो, त्या प्रवासातली चित्रे नाही, म्हणून रोज रात्री ते कार्ड पासपोर्टजवळ किंवा अंगावरच्या खिशात हलवावे.